खोलीभाडं आणि चुलीची मासोळी

८ जुलै, भंडारा
खोली मिळाली. बी.एस्सी. पहिल्या वर्षाच्या आम्ही दोघी, मी आणि मोहाडीची प्राची. एक पंखा, खिडक्या दोन, त्यातली एकच उघडते. घरमालकीण काकूंची अट: भाडं सहा महिन्यांचं, आगाऊ. पहिलं बाबांनी भरलं. जानेवारीतलं माझं मी भरीन, असं सगळ्यांसमोर बोलून बसले. तोंड आवरत नाही माझं.

१९ जुलै
गाडी रुळावर. तांदूळ प्राचीच्या घरचा, वाळलेली मासोळी आमच्या घरची, भाजी तेवढी विकत. प्राचीने आधी नाक दाबलं होतं. काल म्हणते, "अजून हाय का वं?"

शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. पैसे कधी, हे विचारायचं नसतं म्हणे.

जानेवारीच्या भाड्याचं ठरलंय: गावच्या तलावाचं जाळं. पौषात मच्छीमार संस्थेचं मोठं जाळं पडतं. ओढायला, निवडायला, तोलायला जो येईल त्याला एक वाटा. दहावीपासून काटा माझ्याच हातात, म्हणून वाटाही माझा. यंदाचा काकूंना.

११ ऑगस्ट
कॉलेजातल्या मॅडमनी 'कमवा आणि शिका'त नाव घातलं. लायब्ररीत पुस्तकं पुसायची, रचायची. भाजी, वह्या, एस.टी.चं अर्धं तिकीट त्यातून निघतं. खरं तर मजेत आहे. फोनवर मात्र जरा रडकं बोलते. नाहीतर माय मासोळी पाठवणं बंद करायची.

२ जानेवारी
घोळ झाला. जाळं नऊ तारखेला, प्रॅक्टिकलही नऊलाच. व्यापाऱ्याची बर्फाची गाडी ठरून गेली, जाळं हलत नाही. प्रॅक्टिकल तर नाहीच. शिष्यवृत्तीचा पत्ता नाही.

जो आला नाही त्याला वाटा नाही. संस्थेचे अध्यक्ष माझे मोठेबाबा, बाबांचे सख्खे भाऊ. मागच्या साली बाबा तापाने पडले होते, त्यांनासुद्धा दिला नव्हता. तेव्हा म्हणाले होते, "घरच्यासाठीच नियम मोडला त मंग रायलं काय?"

प्राची: "एकदा विचारून त पाह्य." नाही विचारणार. ते नाही म्हणाले तर वाईट वाटेल, हो म्हणाले तर त्याहून जास्त.

९ जाने.
प्रॅक्टिकल छान गेलं. तराजूवर पावडर तोलताना सर म्हणाले, हात चांगला स्थिर आहे तुझा. मला आमचा तलाव आठवला. तिकडे काटा कोण धरत असेल?

खोली सोडली तर गावाहून रोज ये-जा. मग लायब्ररीचं काम गेलं, आणि पहिली बस चुकली की प्रॅक्टिकलही गेलं. जेवण गेलं नाही. प्राचीने माझंही खाल्लं.

१० जाने.
मायचा फोन. वाटा मिळाला नाही. माहीत होतं, तरी डोळे भरले. माय म्हणाली, "पुरं आयकशील त का?"

तोलायच्या आधी ज्याने त्याने घरी शिजवायला एक मासोळी काढून घ्यायची, अशी आमच्याकडे रीत. ही चुलीची मासोळी. ती काट्यावर चढत नाही. काल शेजारच्या काकीने आपली मासोळी मायच्या टोपलीत टाकली. "पोरीच्या भाड्याले होईल." मग दुसरीने टाकली. मग सगळेच. टोपली भरली, दुसरी आणावी लागली.

विचारलं, "आणि मोठेबाबा?"

"थे पायतच रायले. मंग आपली मरळ आणून टाकली. म्हणे, वाटा देता येत नाई. पण चुलीची मासोळी ज्याची त्याची, थो कोणालेई देऊ शकते."

जाळ्याच्या दिवशी आख्ख्या मोहल्ल्यात वांग्याची भाजी शिजली. असं कधी झालं नसेल. मायने दोन्ही टोपल्या सानगडीच्या बाजारात विकल्या.

मी खूप रडले. प्राचीही रडली. तिला विचारलं तर म्हणे, एवढी चवीची मरळ विकून टाकली.

१४ जाने.
काकूंना तिळगूळ आणि भाडं एकदमच दिलं. थोडं कमी पडलं, तसं सांगितलं. काकू म्हणाल्या, "राहू दे, मार्चपर्यंत देजो. आणि थे वाळलेली मासोळी एकट्याच खाऊन रायल्या तुम्ही. इकडे वास येते ना मले."

घरून पुढची पिशवी येईल, ती आधी काकूंकडे.

३ मार्च
लायब्ररीच्या पैशातून काकूंचं राहिलेलं दिलं. शिष्यवृत्ती अजून नाही. पण आता खोली जूनपर्यंत आपली. पंख्याखाली उगाच लोळले.

संध्याकाळी मोठेबाबांचा फोन. ते स्वतःहून कोणाला फोन करत नाहीत, म्हणून आधी घाबरले.

"उन्हाळ्यातलं जाळं टाकाचं हाय. तुहे पेपर कधी हायेत?"

टाइमटेबल लागलं नाही अजून, म्हटलं.

"मंग लागलं का सांगजो. बर्फाच्या गाडीवाल्याले मी तारीख देल्ली नाई." मग, "तुह्या जागी बसवला त्या पोट्ट्याले काटा धरता येत नाई."

फोन ठेवला. 

९ मार्च
कॉलेजच्या नोटीस बोर्डाकडे आजवर कधी नीट पाहिलं नव्हतं. आता जाता-येता थांबते. अजून काही लागलेलं नाही.