नंदूचा निरोप, जो मी दडवला

मी, तुळशीदास काळू भांजी, वय एकसष्ट, धंदा मासेमारी, राहणार वेसावे, अंधेरी, पूर्ण शुद्धीत, कोणी मानेवर बसलेले नसताना हे मृत्युपत्र सांगत आहे. लिहिणारे श्यामसुंदर मास्तर शब्द मऊ करतात, मी ते परत कडक करून घेतो.

१. मोठी होडी व जाळी थोरला मुलगा महादू याची. तो म्हणतो, "नंदू मेला, त्याचा वाटा संपला." संपला नाही. माझ्या कमाईचे राहते घर व लहान होडी नंदूची बायको कुंदा हिची. तिने पाट लावून दुसरा नवरा केला तरी तिचीच. महादूने तंटा केल्यास मोठी होडीही कुंदाकडे जावी. कोर्टाची भीती त्याने मला घालू नये.

२. धाकटा मुलगा नंदू, वय तेवीस, सन १९४८ साली काश्मीरच्या लढाईत पडला. टेकडीवरच्या मशीनगनने त्याचे सहा सोबती खाली अडकवले होते, त्यांत दोघे जखमी. नंदू हातबॉम्ब घेऊन एकटा वर सरपटत गेला. खांद्यात गोळी शिरली, तरी थांबला नाही. मशीनगन बंद पडली. सहाही जण जिवंत खाली आले, तो आला नाही. हे मला त्या सहांपैकी कुडाळकडच्या धाकूने सांगितले.

३. आता कबुली. धाकू आला तो पुढच्या वर्षी, नारळी पौर्णिमेला. सणाच्या दिवशी मेलेल्याचे नाव काढू नये, या सबबीवर मी त्याला होडीआड नेले. तो म्हणाला, "काका, वर जाताना नंदू म्हणालो, कुंदेक सांग, माझ्या नावान बसान रवू नको. पाट लाव."

"मी सांगतो. तू जा," मी म्हटले.

सांगितले नाही. डोक्यावर पाटी घेऊन बाजारात मासे विकणारी सून गेली तर घर कोण चालवणार, एवढेच पाहिले. तिला दोन स्थळे आली, दोन्ही मीच पिटाळली. चार वर्षे पोटच्या पोराचा शेवटचा शब्द गिळून बसलो. मला माझी लाज वाटते.

४. मृत्युपत्र मेल्यावर वाचतात, असे मास्तर म्हणतात. तोवर तिचे आणखी किती वय जाईल? ती आता बाहेर ओट्यावर जाळे सांधते आहे. माझी हिंमत होत नाही. सह्या होताच मास्तरांनी कलम तीन तिला मोठ्याने वाचून दाखवावे.

निशाणी डावा अंगठा: तुळशीदास काळू भांजी

साक्षीदार: १. श्यामसुंदर वामन केळुसकर, शिक्षक
२. चंद्रप्रकाश हिरा चिखले

वेसावे, ता. ९ जून १९५३

साक्षीदारांसमक्ष वाढवलेले: मास्तर उठले होते, त्यांना बसवले. मला अक्षर येत नाही, पण निरोप तोंडपाठ आहे. मीच बाहेर जातो.