क्रमांक दोनची पिशवी

सप्तापूर, धारवाड
ता. १२ फेब्रुवारी २००६, रविवार

श्री. गुरुराजराव यांस,

भीमसेनचा नमस्कार. 'सप्रेम' मुद्दाम गाळला आहे, विसरलो असं समजू नका. इकडे सर्व ठीक. विमलाचे गुडघे दुखतात, माझे दुखत नाहीत. तिकडे थंडी असेल, ती असतेच.

तुमचं पाकीट मंगळवारी मिळालं. अकराएक वर्षांनी तुमचं अक्षर पाहिलं, अजून तसंच घाईत असल्यासारखं कलतं आहे. सावनीचं लग्न मे महिन्यात ठरलं, मुलगा तिथलाच, ईवन नावाचा, हे तिनं मला फोनवर आधीच सांगितलं होतं. तुमच्या पत्रात नवीन ते एवढंच, की लग्नात घरच्या सगळ्या पुरुषांनी त्यांच्याकडचा तो किल्ट, गुडघ्यापर्यंतचा चुण्यांचा घागराच म्हणा, घालायचा आहे, मुलीच्या मामानंसुद्धा. किल्टला खिसा नसतो म्हणून पुढे कमरेला साखळीनं एक पिशवी लोंबवतात, तिला स्पोरन म्हणतात. दुकानाचे तीन फोटो सोबत जोडले आहेत, त्यांतली एक निवडून कमरेच्या मापासह उलट टपाली कळवावं. आणि तळाशी एक ओळ, 'झालं गेलं विसरून या.'

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला इतक्या वर्षांनी माझ्याशी बोलायला विषय सापडला तो हा. बायको गेली त्यावर एक शब्द नाही, आणि पिशवीवर दोन पानं.

किल्टचं मला काही वाटत नाही, हे आधी सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा लाजतो. जन्मभर कोर्टातून आलो की पंचा नेसून अंगणात बसलो आहे. धारवाडात कुणी दार लावून घेतलं नाही, तुमच्या ॲबर्डीनमध्येही घेणार नाहीत.

फोटो जेवणाच्या टेबलावर मांडले. क्रमांक एक, सीलच्या कातड्याची, पुढे तीन गोंडे. विमला म्हणाली, "अहो, हे मांजर मेलेलं आहे की झोपलंय?" क्रमांक तीन, पांढऱ्या घोड्याच्या केसांची, गुडघ्यापर्यंत लोंबणारी. ती पाहून तर म्हणाली, देवळातली चवरी काढून कुणी ह्यांच्या कमरेला बांधली. क्रमांक दोन साधी, तपकिरी चामड्याची, वर झडप आणि पितळी गुंडी. आमच्या अप्पांची पानाची चंची होती तशीच. विमला डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "शालिनी असती तर तिनं अजून हसवलं असतं." मी फोटो गोळा करून ठेवले.

नंतर तिनं एक शंका काढली, आणि ती बरोबर आहे. सावनीचा हट्ट आहे की आधी आपल्या पद्धतीनं अंतरपाट, मंगलाष्टकं, आणि मग त्यांचं काय ते. अंतरपाटापाशी मुलीच्या पाठीशी मामा उभा राहतो. तिथं कमरेला चामडं कसं चालेल? तुमच्या लग्नात मी शेजारच्या गोविंदकाकांना कमरेचा पट्टा काढून यायला लावलं होतं. ते रुसले, जेवले नाहीत. तुम्हाला आठवत नसेल. तुमचे पाय मी चांदीच्या ताम्हनात धुतले ते आठवत असेल. अप्पा नव्हते, म्हणून कन्यादान मी केलं.

बुधवारी फोटो घेऊन सुभाष रोडला महादेवकडे गेलो. हा महादेव तीस वर्षं बॅगा आणि चामडी पट्टे शिवतो, वकिलांच्या निम्म्या बॅगा त्याच्याच हातच्या. त्यानं तिन्ही फोटो उलटेसुलटे पाहिले आणि विचारलं, "सर, इदराग एनु इडतीरि?" ह्यात ठेवणार काय? मी म्हटलं, काही नाही, शोभेची आहे. तो म्हणाला, "शोभेची पिशवी नसते सर. आत काय जाणार ते आधी सांगा, मग कुठली घ्यायची ते मी सांगतो."

मी फोटो उचलून घरी आलो. चाळीस वर्षं दिवाणी कोर्टात काढली, शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो, पण इतका नेमका प्रश्न मला कुणा न्यायाधीशानं विचारला नव्हता.

आता मुद्द्याचं. मी तुमच्या घरी पाऊल ठेवत नाही, तुमचा फोन घेत नाही, ह्याचं कारण सगळ्या नातेवाइकांना पाठ आहे. शालिनी गेली तेव्हा तुम्ही माझी वाट पाहिली नाही. व्हिसाला चार दिवस लागले असते, तुम्ही तिसऱ्या दिवशी उरकून टाकलंत. अकरा वर्षं मी हे प्रत्येक लग्नामुंजीत सांगत आलो आहे. लोक च्च च्च करतात, माझ्या पानात एक जिलबी जास्त पडते. सांगून सांगून मलाही ते खरं कारण वाटायला लागलं होतं.

पंधरा दिवसांपूर्वी सावनीचा फोन आला. साडीचा रंग, मामीचे गुडघे, इकडचं तिकडचं बोलली. मग मध्येच म्हणाली, "मामा, आजारी पडायच्या आधी आईनं तुला कधी काही लिहिलं होतं का रे? बाबा म्हणतात तिनं कुणालाच काही सांगितलं नाही, फार उशिरा कळलं."

मी म्हणालो, "नाही गं. दिवाळीची कार्डं तेवढी."

गुरुराजराव, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात खोटं बोलणारी माणसं मी पोत्यानं पाहिली आहेत. माझा आवाज त्या सगळ्यांपेक्षा स्वच्छ निघाला. तुम्ही खोटं बोललात त्याचं मला नवल नाही. तुमचं खोटं मी सांभाळलं, ह्याचा संताप आहे, आणि तो तुमच्यावरच काढणार आहे, कारण तुम्ही त्याच लायकीचे आहात.

ते पत्र तुम्हाला माहीत आहे. सप्टेंबर १९९४, निळं एअरोग्राम. आठवत नसेल तर वाचा, समोर घेऊनच लिहितो आहे. 'अण्णा, उजव्या छातीत सुपारीएवढी गाठ लागते. यांना सांगितलं तर म्हणाले, माहेरची आठवण आली की तुला काहीतरी होतंच. इथले डॉक्टर पुरुष आहेत, मला त्यांची भाषा येत नाही, आणि यांना रजा नाही. मला दोन महिने धारवाडला ने. तू बोलावलंस तर हे पाठवतील. सावनीला सांगितलेलं नाही.'

आणि मी काय केलं? तिकीट काढलं नाही. तार केली नाही. नवऱ्याच्या पाठीमागे बायकोशी पत्रव्यवहार करणं बरं नव्हे, कागद ज्याच्या अधिकारातला त्याच्यापुढे ठेवावा, ही माझी कोर्टातली अक्कल. मी तिचं पत्र पाकिटात घालून तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलं. वर चिठ्ठी लिहिली, 'आपण लक्ष घालावं.' तिनं मला विश्वासानं लिहिलेलं ते, मी तुमच्या हातात दिलं.

तीन आठवड्यांनी ते परत आलं. तिच्या ओळींच्या बाजूला समासात तुमची लाल शाई, 'नाटक आहे. तुमची बहीण, तुम्हीच समजवा.'

मी समजावलं. कार्बन घालून लिहायची सवय, म्हणून माझंही उत्तर शिल्लक आहे. 'शालू, तुझं कन्यादान मी केलं आहे. दान दिलेलं परत आणायचं नसतं. नवऱ्याला डावलून पुन्हा असं लिहू नकोस. देवावर विश्वास ठेव, सगळं नीट होईल.' खाली सही, झोकदार.

तिनं माझं ऐकलं. पुन्हा लिहिलं नाही. दिवाळीचं कार्ड आलं, 'आम्ही सर्व मजेत.' फेब्रुवारीत तुम्ही तिला इस्पितळात नेलंत, जूनमध्ये ती गेली. बैल गेला आणि झोपा केला, तुम्ही तिथं आणि मी इथं. गाठ काय करते हे तुम्हा इंजिनियरला कळायला हवं होतं. ती माझी बहीण आहे हे मला कळायला हवं होतं.

म्हणून 'झालं गेलं विसरून या' हे वाक्य तुम्ही मला लिहू नका. तुमचं विसरून झालं असेल. तुम्ही तिच्या मुलीला 'फार उशिरा कळलं' असं सांगून मोकळे झालात. त्या पोरीनं काय धरलं असेल मनात? की आईनं आपल्यापासून लपवलं, कुणालाच जवळचं मानलं नाही. वयाच्या चौदाव्या वर्षापासून ती हे वागवते आहे, आणि आपण दोघे बाप्ये झाकली मूठ धरून बसलो आहोत. शालिनीनं सांगितलं होतं. दोघांना सांगितलं होतं. लिहून दिलं होतं.

मी येणार आहे. विमला येत नाही, तिला मी हे सगळं काल सांगितलं. तिनं पानं वाढली, स्वतः मात्र जेवली नाही. आज सकाळी एवढंच म्हणाली, "तुम्ही जा. सावनीच्या मागे उभं राहायचा हक्क तुम्हाला नाही, पण दुसरं आहे कोण?"

कमर छत्तीस इंच. काल पुन्हा महादेवकडे गेलो. दुकानाच्या कागदावर मापं होती, त्यावरून त्यानं तिन्ही पिशव्यांचे पुठ्ठे कापून दिले. क्रमांक एकला आतला कप्पा नावापुरता आहे. क्रमांक तीनमध्ये नुसते केसच केस, मागे दोन विड्यांची जागा. क्रमांक दोनमध्ये एअरोग्राम आणि कार्बनची प्रत एकावर एक ठेवली. एक घडी जास्त घालावी लागली, पण झडप व्यवस्थित लागते. महादेव म्हणाला, "आता बरोबर सर. आता ही पिशवी झाली."

तर क्रमांक दोन कळवा. अंतरपाटापाशी चामडं घेऊनच उभा राहीन. भटजींना हरकत असेल तर मी बोलेन त्यांच्याशी.

मंगलाष्टकं संपली की सावनी पाया पडायला येईल. तेव्हा मी झडप उघडणार आहे. तिच्या आईचं अक्षर, तुमची लाल शाई आणि माझी सही, तिन्ही तिच्या हातात देणार आहे. तुम्हाला ते भर मांडवात नको असेल, तर अजून तीन महिने आहेत. तिला समोर बसवा आणि तुमच्या तोंडानं सांगा. माझंही नाव घ्या, गाळू नका. तिनं मला फोन करून 'बाबांनी सांगितलं' म्हटलं, की मी पिशवीत पानसुपारी घालून येईन. आणि तिनं 'मामा, तू येऊ नकोस' म्हटलं, तर येणार नाही. ते तिनं म्हणायचं, तुम्ही नाही.

पैंजणांचा जोड शालिनीचा आहे, माझ्याजवळ राहिलेला. तो कुरियरनं वेगळा पाठवतो. तो तुमच्या हातात द्यायचा नाही असं सावनीला कळवलं आहे.

पत्र मिळाल्याचं कळवू नका. तिचा फोन येईल किंवा येणार नाही, त्यावरून मला समजेल.

तुमचा कुणी नाही,
शालूनं ज्याला लिहिलं होतं तो अण्णा,
भीमसेन