पाठीवरचा ओला भारा

६ मे, रविवार
गेली सुट्टी! काल आईचा फोन — “गिल्हो, ताई आलीय. ये.” आठवडाभर गोदीत जहाजांचा गंज खरवडायचा आणि रविवारी सहा तास बसमध्ये हाडं खिळखिळी करून ही डेन्मार्कवाली बघायला आमचं वांदो बेट गाठायचं.

पंचवीस वर्षांपूर्वी कोरियातून दत्तक म्हणून तिकडं धाडलेली. तिथं बिर्गिट, आमच्याकडं पिलनाम. ‘मुळं शोधायला’ आलीय म्हणे! आमचं सगळं बेट समुद्रातल्या शेवाळावर जगतं. शेवाळाला मुळं असतात होय?

लग्नात घालतात तसला रेशमी झगा घालून धक्क्यावरच्या चिखलात उभी होती. मला म्हणते, “आपण जेवलात का?” मी धाकटा भाऊ! क्लासात शिकलीय असली भाषा. आई तोंड दाबून हसत होती. मग मलाच दटावलं — “ताई म्हण की रे!”

नाही म्हटलं.

८ मे, मंगळवार
आज आईबापांचा दिवस. तिनं आईच्या छातीला लाल फूल लावलं. मी विसरलो, दरवर्षीसारखा. आई फोनवर — “बघ, परकी असून...” परकी! मग तीन आठवडे घरात घेतली कशाला?

१३ मे, रविवार
आज स्वतःच आली, गोदीच्या वसतिगृहावर. हातात वही. पणजीचं नाव काय? मूळ गाव कुठलं? पितरांच्या पूजेत मासा कुठं ठेवतात?
“ताटात,” मी म्हटलं. खोलीतला बोकमान हसून गादीवर लोळला. तिनं लिहूनही घेतलं! मग हळूच म्हणाली, “पुस्तकात पूर्वेला लिहिलंय.” घ्या! आता ही मला कोरियन होणं शिकवणार. आठवीत शाळा सुटली माझी, पुस्तक कुठलं वाचू?

वही मिटून मग नेहमीचं — “मला का दिलं? आई सांगत नाही.”
मी काय सांगू? सरकारी नोंद बघ म्हटलं. आमच्याकडं सालांना प्राण्यांची नावं; तू गेलीस ड्रॅगनच्या सालच्या वसंतात, मी जन्मलो त्याच साली थंडीत. मी नव्हतोच गं बाई!
ती म्हणाली, तिला इथलं एकच आठवतं. पाठीवर काहीतरी असायचं. जड. गरम. दुपारी ओलं व्हायचं. डेन्मार्कची आई म्हणायची, स्वप्न असेल.
“शेवाळाची पाटी असणार,” मी म्हटलं. “पाणी गळतं ना तिच्यातून.”
“गरम?”
“उन्हानं!”
बसपर्यंत सोडलं. वळून वळून हात हलवत होती. वैताग.

१७ मे, गुरुवार
परत फोन, ऐन जेवणाच्या सुट्टीत. “पाटी नव्हती. ते हलायचं.” मग मासे असतील! ठेवला फोन. सूप गार झालं.

२० मे, रविवार
आईनं नवीनच काढलंय — माझं लग्न. मुलगी इथलीच, गोदीच्या गावची, गोजेची. माझ्या जन्मवेळेची चिठ्ठी सरपंचाकडून लिहून घेऊन मला टपालानं पाठवली. मुलीकडं मीच नेऊन द्यायची म्हणे! वाचली तर — सशाचं साल, सहावा महिना, पहाट.

लगेच फोन केला. “आई, साल चुकलंय. मी ड्रॅगनचा. ससा त्याच्या आदल्या वर्षीचा.”
“सशाचाच आहेस तू. नोंद उशिरा केली. तेव्हा पोरं जगायची कुठं? वर्षभर वाट बघायची, तगलं तर कचेरीत जायचं.”
“मग चिठ्ठीतही तेच साल घालायचं ना!”
“सरकारला चालतं रे. ग्रहांना खोटं सांगून कसं चालेल?”

मी बोटं मोजली. परत मोजली.
“म्हणजे ती गेली तेव्हा मी...”
मग म्हणाली, “दहा महिन्यांचा. बाबा अंथरुणावर, मी शेवाळाच्या तराफ्यावर. तू दिवसभर तिच्या पाठीला बांधलेला. सहा वर्षांची पोर, वाकून जायची. बस आली तेव्हा तुला सोडवून माझ्याकडं दिलं तिनंच.”
“मग तिलाच का?”
“दोघं पोसवत नव्हती. तू मुलगा.”
तिनं फोन ठेवला की मी, आठवत नाही.

२२ मे, मंगळवार
चिठ्ठी खिशातच आहे. मुलीकडं गेलो नाही. पिलनामचं विमान शुक्रवारी. मुकादमाकडं सुट्टी मागितली.
“कोण मेलं?”
“कोणी नाही.”
“मग?”
एक दिवस दिला, शिव्यांसकट.

२५ मे, शुक्रवार
नवा विमानतळ. बसमध्ये सगळं घोकून ठेवलं होतं. ताईसमोर उभा राहिलो. “आपण जेवलात का?” तिनंच विचारलं.
खांदे धरून तिला पाठमोरी केली. मागून पाठीवर डोकं टेकवलं. लोक बघत होते, बघू देत.
ती आधी दचकली. मग वही खाली पडली. मग जरा पुढं वाकली आणि दोन्ही हात मागं नेऊन मला खालून धरलं.