धुळीला घातलेलं तेल

अण्णा, आज सकाळपासून तिसऱ्यांदा सायकल उलटी करून बाल्कनीत बसले आणि तिसऱ्यांदा उठले. तुमच्या काळ्या, दांडीवाल्या सायकलीसारखी नाही ही. जाड टायरांची, गियरवाली, डोंगरात चालवायची. मुलुंडला डोंगर आहे म्हणून घेतली, पण डोंगरापर्यंत पोचायला मेट्रोच्या खांबांमधून सिमेंट खात जावं लागतं. पन्नाशीत डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, जास्तीची फुप्फुसं कुठे मिळतात ते नाही सांगितलं. परत येईपर्यंत चेन राखाडी होते आणि भातात खडा लागावा तशी कर्र कर्र करते. दुकानदाराने लिंबाच्या वासाची बाटली दिली. "मॅडम, ये मारो, पोंछो, बस." हल्ली भांड्यांपासून चेनपर्यंत सगळ्यांना लिंबू लागतं, फक्त सरबतात नसतं.

तुमचा रविवार वेगळा. भांडुपच्या खोलीबाहेर वनस्पती तुपाच्या डब्यात रॉकेल, दात घासायचा जुना ब्रश, फाटक्या बनियनचं फडकं. चेनीवरून फिरवलेलं फडकं स्वच्छ निघत नाही तोवर तेलाच्या डबीला हात लावायचा नाही. मग एकेका कडीला एकेक थेंब, अर्धा तास थांबायचं, आणि वर राहिलेलं तेल पुन्हा पुसून टाकायचं. घातलेलं तेल पुसायचं कशाला, हे माझ्या डोक्यात शिरत नसे. "तेल आत लागता गो," तुम्ही म्हणायचात. "भायर ऱ्हवला तर धूळ धरता." एकदा माझं काम बघून तुम्ही विचारलंत, "तेल घातलंस ता चेनीक की धुळीक?" मला राग आला होता. एकोणीस वर्षांची होते, पार्ल्याच्या कॉलेजात जात होते, आणि फिटरच्या हाताखाली रॉकेल चोळायला माझा जन्म नाही अशी माझी खात्री होती.

त्या वर्षी तुम्हाला कारखान्यात रविवारीही ओव्हरटाइम लागला आणि चेन माझ्याकडे आली. चार रविवार मी ब्रश उचललाच नाही. खडीच्या धुळीवर सरळ तेल ओतलं. काळी कुळकुळीत, झकास दिसायची. दसऱ्याला सायकल धुतली, झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावलं. हाराखालची चेन कोण बघतंय? तुम्ही तिला हात जोडलेत. मीही जोडले, अगदी डोळे मिटून.

तिसऱ्या दिवशी कारखान्याच्या वाटेवर, खडी फोडणाऱ्या क्रशरजवळच्या उतारावर चेन उतरली, पायडल रिकामं फिरलं आणि तुम्ही खडीवर पडलात. प्लास्टर निघालं, पण उजवं मनगट पूर्ण वळेना. फिटरचं मनगट ते. तुम्हाला स्टोअरमध्ये बसवलं, दुसऱ्यांच्या हातात पाने द्यायला. "काय फिटर, स्वतःचीच चेन?" असं कारखान्यातले विचारतात, हे तुम्हीच घरी हसत सांगायचात.

पण मला दिसतं ते आधीचं. हात गळ्यात अडकवलेला, तुम्ही सायकलीपाशी उकिडवे बसलात. डाव्या अंगठ्याने चेन चाचपलीत, अंगठा बोटावर घासून पाहिलात. काळा, कचकच करणारा लगदा. मी दारात उभी. तुम्ही अंगठा लुंगीला पुसलात आणि आईला म्हणालात, "रस्तो वायट हा." मग माझ्याकडे न बघता, "च्या टाक गो."

मी चहा टाकला. आणि काही वर्षांनी त्या रस्त्यावर लेख लिहिला, माझा पहिला. त्या उताराने माझ्या वडिलांचं मनगट कसं खाल्लं, ते असं झणझणीत लिहिलं की संपादकांनी सदरच दिलं. तेव्हापासून मी लोकांच्या निष्काळजीपणावर दर आठवड्याला पोट भरते आहे. तुम्ही गेल्यावर तुमची हत्यारांची पेटी उघडली, तर पान्यांच्या खाली तो लेख, नीट कापून घडी घातलेला. घडीवर तेलाचा एकही डाग नव्हता.

आज बाटली बाजूला ठेवली आहे. रॉकेल आता मिळत नाही, डिझेल आणलंय, ब्रश आहे, फडकं अजून काळंच निघतंय. या कागदालाही बोटं लागली आहेत. पाठवायचा पत्ता असता तरी असला कागद पाठवला नसता.

रस्ता तितका वाईट नव्हता, अण्णा.