चावीच्या बदल्यात झेंडा

मंगळवार, ३ फेब्रुवारी
राजवीरच्या मेंदूत रक्तस्राव नाही! दुसऱ्या स्कॅननंतर डॉक्टरांनी त्याच्या आईला, वर्षाराणीला सांगितलं, तिने मला. पाय मोडलाय, तो भरून येईल. फोन ठेवला आणि ओट्यापाशीच खाली बसले.

रविवारी आमच्या पेठेच्या तालमीच्या संघाने फुटबॉलची मॅच जिंकली, की निघाली पोरं — एका गाडीवर तिघं, हातात झेंडे, डोक्यावर काही नाही. चौकात वळताना राजवीर मागच्या मागे पडला. मधे बसलेला माझा सौमित्र. त्याला खरचटलंही नाही. सतरा वर्षांची पोरं!

गुरुवार, ५ फेब्रुवारी
म्हटलं, या रॅलीवर पेपरात सणसणीत लेख लिहिते. सौमित्र म्हणाला, "आई, तुझा पेपर आमच्यातलं कोण वाचतंय?"
इतक्या वर्षांच्या नोकरीचा निकाल एका ओळीत.

शनिवार, ७ फेब्रुवारी
पुढच्या वेळी गाड्या नकोत, चालत जाऊ, असं सौमित्र तालमीत बोलून आला — तोंड पाडून. "आला बघा आरटीओ!" "चालत जायला ही काय प्रभातफेरी हाय व्हय?" आणि सगळ्यांत दांडगा तो विजयसिंह — "राजवीरला नीट बसाय येत न्हाय, त्याला आम्ही काय करायचं?"

जेवला नाही. सेमीफायनल पुढच्या रविवारी. जिंकलो तर पुन्हा तेच. मॅच हरावी, असं मनात आलं — कोल्हापुरात हे मोठ्याने बोलायची सोय नाही.

बुधवार, ११ फेब्रुवारी
पोरानेच तोड काढली. तालमीचे झेंडे बाळासोंच्या ताब्यात असतात. तालमीचा कारभार तेच बघतात. त्यांना जाऊन पटवलं. गाडीची चावी सौमित्रकडे जमा केली तरच झेंडा हातात. गाड्या तालमीत, मैदानावर चालत. झेंडा धरायला एकमेकांच्या उरावर बसणारी पोरं ही!

बाळासो म्हणाले म्हणे, "माझं आयकत न्हाईत. तुझं आयकत्यात का बघ."

शनिवार, १४ फेब्रुवारी
राजवीर घरी आला. मटण पाहिजे म्हणून ओरडतोय. उत्तम!

रविवार, १५ फेब्रुवारी
जिंकलो! मी ऑफिसात, जीव मैदानावर. सौमित्रने घरी आल्यावर सांगितलं ते असं —

मॅच सुटली तसा विजयसिंह अंगावर आला. "चावी दे लेका! आज न्हाय तर कवा?"
"झेंडा ठेव, चावी घे."
विजयसिंहने वर झेंड्याकडे बघितलं. एक शिवी हासडली. आणि लागला की चालायला! त्याच्यामागे सगळे.

राजवीरच्या बोळात गाडी शिरत नाही, म्हणून आजवर मिरवणूक तिथे कधी गेलीच नव्हती. आज गेली. त्याला खुर्चीसकट दारात आणून ठेवला होता. वर्षाराणीचा फोन आला तेव्हा ती रडत होती का हसत होती, हलगीच्या कडकडाटात काही कळेना.

आज झोप लागेल.

सोमवार, १६ फेब्रुवारी
संध्याकाळी दारात तीन पोरं. फायनलला ज्यांच्याशी गाठ आहे, त्या पेठेतली! मी धसकलेच. पुढचा म्हणाला, "सौमित्र हाय का, काकी? चावीचं कसं जमवलं, इचारायचं हुतं. गेल्या साली आमचाबी एक पडला. त्यो न्हाय उठला."

आत बसलेत, पोहे खाताहेत. रविवारी फायनल. कोणीही जिंको, चालत जाणार म्हणताहेत.