दगडावरचं माझं नाव

३ जून

आईने आज अखेर तोंड उघडलं. आणि काय बोलली! म्हणे, पोरीला माझं नाव ठेवू नकोस.

आमच्या बेटावर पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव. यात विचारण्यासारखं काही नसतंच. नावापाठोपाठ घरही तिचं. माझी मुलगी पोटात होती तेव्हाच गावाने तिला कालोतिना करून टाकलं होतं. मला जुन्या ग्रीक पुराणातलं एखादं नाव हवं होतं, म्हणून मी महिनाभर भांडणाची तयारी करत होते — आणि आईच नको म्हणते!

"माझं जाऊ दे," म्हणाली. "एव्हान्थिया ठेव."

"अगं आई, एव्हान्थिया मी आहे!"

ती शेंगा सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तुला ते तिचं दिलं होतं. आता पुढे दे."

थोरल्या बहिणीचा झगा आखूड झाल्यावर धाकटीला द्यावा, तसं बोलली. मी आत गेले आणि उगाचच भांडी घासली. स्वच्छच होती.

४ जून

हे मी कधी कुठे लिहिलं नाही. लिहिते.

ती म्हणजे माझी थोरली बहीण. अंगणातल्या पावसाच्या पाण्याच्या टाक्यात पडून गेली. चार वर्षांची होती. मी त्यानंतरची. घरात ती हाक पुन्हा ऐकू यावी म्हणून मला तिचंच नाव. इथे असं करतात, कुणी वाईट म्हणत नाही. उलट, नाव उठवलं, पुन्हा जिवंत केलं म्हणतात.

टाक्यावर तेव्हापासून सिमेंटची फरशी आहे आणि फरशीवर आईच्या तुळशीच्या कुंड्या. अक्षरं मी तिच्या थडग्यावर शिकले. आई दिवा लावायची, मी बोटाने संगमरवरावरची अक्षरं गिरवायची. शाळेत पहिल्याच दिवशी नाव लिहिता आलं तर बाईंनी कोण कौतुक केलं! मला वाटायचं, सगळ्याच पोरांची नावं तिकडे लिहिलेली असतात.

आणि ११ सप्टेंबर, आमच्या नावाच्या संतिणीचा दिवस, वाढदिवसासारखा करतात तो नावदिवस. आमच्या — बघा, लिहितानाही 'माझ्या' आलं नाही. त्या दिवशी सकाळी आई मेलेल्यांचे गहू उकडते, डाळिंबाचे दाणे, दालचिनी, वर साखर, आणि ते थडग्यावर नेते. संध्याकाळी त्याच हातांनी माझ्यासाठी गोड करते. हातांना दालचिनीचा वास तसाच असतो.

आणि एक. आई मला नावाने हाक मारत नाही. 'अगं' म्हणते. 'पोरी' म्हणते.

९ जून

निकितासला सगळं सांगितलं. नवरा म्हणून ठीक आहे, पण प्रत्येक गोष्टीत थट्टा!

"उत्तमच की," म्हणाला. "एक हाक मारली की दोघी धावत येतील."

मग त्याने माझा चेहरा बघितला. जिवंत आईचं नाव मुलीला इथे कुणीच ठेवत नाही. दोघींपैकी एक जाते म्हणतात. त्यालाही ते ठाऊक आहे. "तुला जे हवं तेच ठेवू," म्हणाला. भाजीवाल्याशी बोलावं तितक्या सहज.

१४ जून

बोटीच्या तिकिटांच्या खिडकीत बसल्या बसल्या माझं हेच चालू. तिकिटावर नाव लिहायचं आणि मनातल्या मनात ते बेबाला — सकाळी आईकडे असते माझी मुलगी — घालून बघायचं. आरिआद्नी? फार रडकी. इलेक्त्रा? आईशी वैर लिहूनच आणेल. मेलिना, दनाई, इरो — गोड आहेत. आज सोक्रातिस नावाचे गृहस्थ दोन बोकड घेऊन चढले आणि बोकडांच्या भाड्यावरून माझ्याशी अर्धा तास वाद घातला. तत्त्वज्ञाच्या नावाला जागला माणूस! क्लेओपात्रा टोमॅटोचा खोका घेऊन रांगेत, पायांत रबरी चपला.

आणि मग एक मुलगी आली, पाठीवर बोजा, एकटीच. नाव नेफेली. म्हणजे ढग. आमच्या गावात या नावाचं कुणी नाही, स्मशानातही नाही.

ठरलं.

२२ जून

सर्व संतांचा रविवार. पाद्रीबुवांना सांगितलं. आई शेजारीच.

"ढग?" आई म्हणाली. "पोरीचं नाव ढग? या नावाचा संत कोण? हिचा नावदिवस कधी करायचा? हिच्याकडे बघणार कोण?"

पाद्रीबुवा हसले. "आजचाच दिवस घ्या की, कालोतिनाबाई. ज्यांना कुणी नाही त्यांना आज सगळेच आहेत."

 घराच्या दारात आई म्हणाली, "तिला चारच वर्षं हाक मारली होती मी. माझी तहान भागली नव्हती." मला रडू आलं. खरंच आलं. मी तिला मिठी मारली आणि तरीही नाही म्हणाले.

मी आहे ना, आई. इतकी वर्षं मी आहे ना. हे मात्र बोलले नाही.

१७ जुलै

वारा सुटला, बोटी रद्द. लवकर घरी आले. फाटकापाशी पोचते तोच अंगणातून आईचा आवाज — "एव्हान्थिया!"

किती लाडाने! मी लगेच "ओ" दिली.

आई दचकली. बेबा तिच्या मांडीवर. "फाटक वाजलं," म्हणाली. "म्हणून तुला हाक मारली."

काय वेडी आहे मी! दिवसभर आनंदात होते. भात करपला तरी आनंदात. आईने मला नावाने हाक मारली.

२ ऑगस्ट

बेबा बसायला लागली. चमचा आपटते. बाप्तिस्म्यापर्यंत नाव तोंडातून काढायचं नाही, म्हणून आम्ही सगळे बेबा, बेबा. मी मात्र अंघोळीच्या वेळी कानात हळूच 'नेफेली' म्हणते. लक्ष देत नाही बया. साबणाकडेच बघते.

१९ ऑगस्ट

उद्या बाप्तिस्मा. आर्गिरो आली होती — शाळेपासूनची माझी मैत्रीण, तीच धर्ममाता. तेल, कपडे, साखरबदाम, सगळं आणलं. जाताना फाटकात थांबली.

"तुझी आई माझ्याकडे येऊन गेली."

 कुंडापाशी पाद्री नाव विचारतात ते धर्ममातेला. तिने जे उच्चारलं तेच नाव. मागाहून आईबाप डोकं आपटेनात का!

"काय म्हणाली?"

"रडली. पाया पडायला निघाली होती."

"आणि तू?"

"मी कॉफी केली," आर्गिरो म्हणाली. आणि गेली. याचा अर्थ काय घ्यायचा मी?

२० ऑगस्ट

जुन्या रीतीप्रमाणे मी देवळाच्या दाराबाहेर. निकितास म्हणत होता, हल्ली आया आत उभ्या राहतात. मला पाय आत टाकवेना. आतून बेबाचं रडणं, पाण्याचा आवाज, मग शांत. ती शांतता! मला अंगणातलं ते टाकंच दिसायला लागलं.

मग पोरंटोरं सुटली. बाळाच्या आईला, म्हणजे मला, नाव आधी कोण सांगेल त्याला नाणं. सगळी एकदम ओरडत आली — "नेफेली! नेफेली!"

मी सगळ्यांना नाणी दिली. दोघांना तर दोनदा. आर्गिरोच्या गळ्यात पडले तर म्हणाली, "तुला खरंच वाटलं होतं का मूर्खा?"

आई बाकावर बसून साखरबदाम चघळत होती. मला वाटलं होतं रडेल, रुसेल. काही नाही. बेबाला घेतलं, नजर लागू नये म्हणून फ्तू फ्तू केलं, आणि हसली. जिंकले मी. मग जिंकल्यासारखं का वाटत नाही?

११ सप्टेंबर

नावदिवस. सकाळी उठले तर घरात दालचिनीचा वास नाही! आईने गहू उकडलेच नाहीत. मला आठवतं तेव्हापासून पहिल्यांदा.

"जायचं नाही का तिकडे?" मी विचारलं.

"आता कशाला?" म्हणाली. बेबाला भोपळा भरवत होती. इतकी खुशीत मी तिला कधी पाहिली नाही.

सुटलो आम्ही. आईने सोडलं तिला. संध्याकाळी सगळ्यांसमोर मी चक्क नाचले, निकितासला लाज वाटेपर्यंत.

१२ सप्टेंबर

नावदिवसाचं उरलेलं गोड ऑफिसात नेलं. सगळ्यांनी 'शंभरी गाठ' म्हटलं.

१९ सप्टेंबर

दुपारी माझे हात पिठात. बेबा चटईवर, पाठ दाराकडे. "नेफेली," मी म्हटलं. चमचाच आपटत राहिली. "नेफेली, सोन्या!" नाही.

बाहेरून निकितासने हाक मारली, "एव्हान्थिया! पाना कुठे ठेवलास?"

बेबाने चमचा टाकला. वळली. दाराकडे बघून हसली आणि दोन्ही हात पुढे केले.

म्हणजे आई हिला रोज सकाळी याच नावाने. मी खिडकीत तिकिटं लिहीत असताना, रोज. आणि त्या दिवशी फाटकात मी जिला ओ दिली ती हाकही माझी नव्हती.

खरं ते लिहिते. दोघींपैकी एक जाते, ती भीती आधी नाही वाटली. आधी हलकं वाटलं, ते नाव अंगावरून उतरल्यासारखं.

निकितासने पुन्हा हाक मारली, "एव्हान्थिया!"

मी ओ दिली नाही.