किल्ली सिलिंडरलाच बांधलेली असावी

प्रिय बारक्या,

पत्र पाहून दचकला असशील. ताईला फोन करता येत नाही का, असं मनात आलंच असेल. येतो. पण फोनवर मी जरा गंभीर झाले की तू एक विनोद करतोस, मी हसते आणि विषय तिथेच राहतो. शिवाय हल्ली तुझ्याशी बोलताना तुझ्या शेजारी कोण बसलंय याचा मला भरवसा वाटत नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही घरी न पाठवता तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर. हसू नकोस. लहानपणी तू मला फौजदार म्हणायचास तेव्हा मी ते काम फुकट करायचे, आता त्याचा पगार घेते, एवढाच फरक.

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहितेय. आईच्या डोळ्यांत थेंब घातलेत. ती शेजारी डोळे मिटून बसलीय आणि मध्येमध्ये विचारतेय, काय लिहितेस, कुणाला लिहितेस. ऑफिसचं काम आहे म्हणून सांगितलं, तिला ते पटलेलं नाही. माझा संशयी स्वभाव कुणावर गेलाय ते तुला ठाऊक आहेच. तिचं ऑपरेशन येत्या शनिवारी सकाळी ठरलंय. तू येऊ नकोस. त्याच दिवशी ठकूच्या शाळेचे खेळ आहेत, आणि आईने बजावलंय की नातीची शर्यत बुडवून कुणी माझ्या उशाशी बसायचं नाही. मी आहे, दिवसभर इथून हलणार नाही. मात्र ऑपरेशन शनिवारी आहे हे तूर्त कुणाला बोलू नकोस, घरातसुद्धा नाही. का, ते पुढे कळेल.

तुमच्या शाखेचा मसुदा आमच्या तपासणीच्या ऑफिसात आला. शाळांचे नियम आणि रुग्णवाहिकांच्या तपासणीचे नियम तुम्ही एकदमच नव्याने लिहायला काढलेत. जेवणाच्या सुट्टीत मी तो वाचायला घेतला आणि डबा तसाच राहिला. भाषा तुझी आहे, तुझं ‘तथापि’ मी कुठेही ओळखेन. शाळांचा भाग तू फार छान लिहिलायस. खेळांच्या दिवशी मैदानावर रुग्णवाहिका उभी पाहिजे, तिच्या वाटेत मंडप नको, फाटकाला कुलूप नको. खोटं कशाला सांगू, वाचून ऊर भरून आला. मग तपासणीचा भाग आला. अचानक तपासणी बंद, मालकाला आठवडाभर आधी कळवायचं. आणि ऑक्सिजनची झडप उघडायची किल्ली साखळीने सिलिंडरलाच बांधलेली असावी, हे जुनं कलम गायब. बदललेलं नाही, सरळ उडवलेलं.

नवख्याला वाटेल, एवढ्याशा किल्लीचं काय घेऊन बसलीय ही बाई. पण सिलिंडर कितीही भरलेला असो, ती किल्ली नसेल तर तो नुसता लोखंडाचा ठोकळा. ती साखळीत असली की त्याच गाडीत राहते. सुटी असली की एक सिलिंडर आणि एक किल्ली चार गाड्यांत फिरवता येते, आणि तपासणीचा दिवस आधी कळला तर मग काय, सोन्याहून पिवळं. म्हणूनच मी गाडीत चढले की कागद मागत नाही. मदतनिसाला म्हणते, सुरू कर, आणि त्याच्या हाताकडे बघत राहते. हात सरळ किल्लीवर गेला तर गाडी पास. तो खिसे चाचपायला लागला, सीटखाली वाकला किंवा मालकाच्या तोंडाकडे बघायला लागला, तर मी खाली उतरत नाही. हे सगळं तुला नव्याने सांगायची गरज नाही. म्हणूनच तर मनात पाल चुकचुकली.

कारण बरेच दिवस कुठेतरी पाणी मुरत होतं. इतर मालकांकडे मी अचानक गेले की धावपळ उडते, कुणी दाढी अर्धवट सोडून येतो, कुणी गाडीतली भाजीची पिशवी लपवतो. तुझ्या मेहुण्याच्या रुग्णवाहिकांच्या आवारात मात्र सगळं कसं जिथल्या तिथे. आधी मला आमच्या कारकुनाचा संशय आला. मग समोरच्या चहावाल्याचा. मग जीपच्या ड्रायव्हरचा. त्याला तर मी गाडी सुरू होईपर्यंत कुठे जायचंय ते सांगणंच बंद केलं. बिचारा इतका दुखावला की वळण आलं की विचारायचा, इथे तरी सांगता का बाई, डावीकडे की उजवीकडे. तरीही मेहुण्याच्या गाड्या चकचकीतच.

तू हल्ली दर रविवारी फोन करतोस. पूर्वी महिना-महिना करायचा नाहीस, आईच तुझ्या नावाने कुरकुरायची. आता आईशी बोलून झालं की मला मागून घेतोस आणि विचारतोस, “ताई, या आठवड्यात कुठली धूळ खाणार?” मला किती बरं वाटायचं सांगू. नवरा गेल्यापासून माझ्या कामाबद्दल कुणी विचारत नाही. मी भडाभडा सांगत बसायचे. एका रविवारी फोन ठेवला आणि मनात आलं, मी कुठे जाणार ते आधी फक्त तुलाच तर कळतं. देवाशपथ, स्वतःचीच लाज वाटली. पण संशयाचं भूत एकदा मानगुटीवर बसलं की उतरत नाही. पुढच्या रविवारी मी तुला सांगितलं, गुरुवारी मेहुण्याच्या पूर्वेकडच्या आवारात जाणार आहे. कारकुनाला सांगितलं नाही, आईला नाही, कुठे लिहूनही ठेवलं नाही. फक्त तुला.

गुरुवारी गेले. आवार नुकतंच धुतलेलं, फरशी अजून ओली. मदतनिसांच्या अंगात इस्त्रीचे कपडे. मेहुणा स्वतः दारात उभा. “ताई, आज अगदी अचानक?” म्हणाला, आणि मी टेकायच्या आत चहा आला. बिनसाखरेचा. माझी साखर बंद झाल्याला दोन महिने झालेत, बारक्या, आणि ते आईला आणि तुला सोडून कुणाला माहीत नाही. मी तो कप तसाच बाजूला सारला. सगळ्या गाड्यांत सिलिंडर होते, सगळ्यांना किल्ल्या होत्या, साखळ्यासुद्धा होत्या, अगदी कोऱ्या. मी पास म्हटलं, हसून निरोप घेतला आणि ऑफिसला न जाता जीप सरळ पुलापलीकडे त्याच्या दुसऱ्या आवारात घ्यायला लावली.

तिथे तीन गाड्या होत्या. त्यातली एक नुकतीच रुग्णाला सोडून परत आलेली, चादर अजून चुरगळलेली. मी चढले आणि मदतनिसाला म्हटलं, सुरू कर. सिलिंडरच्या जागी रिकामा पट्टा लोंबत होता. त्या माणसाने काही लपवलं नाही. घरातली शिडी शेजारी गेली असं सांगावं तसं म्हणाला, “बाई, ते आज तिकडच्या तपासणीला गेलंय.” बाकीच्या दोन गाड्यांतही तेच.

मी तिन्ही गाड्या बंद केल्या. आमच्या साहेबांनी सही करायच्या ऐवजी मला बसवून घेतलं आणि म्हणाले, नवे नियम येतच आहेत, तोवर कशाला ताणता. दुसऱ्या दिवशी गाड्या रस्त्यावर. त्या गुरुवारी पुलापलीकडून परतताना मी जीपमध्ये रडले, खरंच रडले. ज्या ड्रायव्हरवर मी महिनाभर डोळा ठेवला होता त्याने काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. परका म्हणून ज्याच्यावर नजर ठेवली तो निघाला धुतल्या तांदळासारखा, आणि घरचा भेदी रविवारी फोनवर माझी चौकशी करत होता.

मी तुझी बाजूही मांडून पाहिली, ताई आहे ना. तुझी बायको आजारी होती तेव्हा मेहुणा रात्रंदिवस तुमच्याकडे होता, हे मी विसरलेले नाही. त्याने सहज विचारलं असेल, ताई कधी येतायत. तूही सहज सांगितलं असशील. नात्यात एवढं चालतं, असं आपण सगळेच म्हणतो. पण मसुद्यातलं ते कलम तू उडवलंस, की वरून कुणी उडवायला लावलं आणि तू गप्प बसलास? हे मला माहीत नाही, आणि खरं सांगू, विचारायची भीती वाटते. तू नाही म्हणालास तर माझा विश्वास बसेल की नाही, याचीच खात्री उरलेली नाही. एवढं तुटलंय.

तू तिसरीत होतास. तुला आठवत असतं तर बरं झालं असतं, पण तू शुद्धीवर नव्हतास. मैदानावर धावता धावता बसलास आणि तुझा श्वास शिटीसारखा वाजायला लागला. गाडी लगेच आली, त्याबद्दल कुणाला नावं ठेवता यायची नाहीत. सिलिंडरही गच्च भरलेला होता. किल्ली दुसऱ्या गाडीत होती. तो माणूस नुसता खिसे चाचपत होता आणि तुझे ओठ जांभळे होत होते. तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. खेळाचे सर फाटकासमोरच्या सायकलच्या दुकानातून पाना घेऊन धावत आले आणि त्या पान्याने झडप उघडली. पुढे मी हे काम धरलं आणि ते कलम घालून घ्यायला साहेबांच्या दारात किती खेटे घातले, ते तू स्वतः पाहिलंयस. ती साखळी तुझ्यासाठी होती, गाढवा.

तर आता मुद्दा. मसुद्यावर मी हरकत दिली आहे, माझ्या नावाने, नोकरीचं काय व्हायचं ते होवो. सोमवारी ती तुझ्या टेबलावर येईल. त्यावर तू काय शेरा मारायचा तो मार, मी विचारायला येणार नाही. पण शनिवार सोमवारच्या आधी येतो. ठकूच्या शाळेच्या मैदानावर कुणाची गाडी उभी राहणार ते मी शाळेत फोन करून विचारलं. तुझ्या मेहुण्याची. पुलापलीकडची. ठकूने दमा तुझाच घेतलाय, आणि तिचं नाव लांब पल्ल्याच्या शर्यतीत आहे. तू सांगितलंस तर तो हो हो म्हणेल आणि विसरेल, तुला तो भीत नाही. मला भितो. मी तर त्या दिवशी आईच्या उशाशी असेन, आणि माझ्याऐवजी साहेब दुसऱ्या कुणाला पाठवायचे नाहीत. म्हणून एवढं कर. नेहमी सांगतोस तसंच त्याला सहज सांग, की ताई शनिवारी मैदानावर अचानक येणार आहे. मग गाडीत सिलिंडर असेल, किल्ली असेल, कोरी साखळीसुद्धा असेल. शर्यत सुरू व्हायच्या आधी तू स्वतः गाडीत चढ, मदतनिसाला सुरू कर म्हण आणि त्याच्या हाताकडे बघ. इतके दिवस तू माझ्या तारखा त्याला पोचवल्यास, बारक्या. ही एक न विसरता पोचव.

तुझ्यावर नजर ठेवून असलेली, तरीही तुझीच,
फौजदार ताई